कीटकसृष्टीचा उपासक

फ्रान्स देशाच्या दक्षिण भागात द्राक्षांचे मळे पुष्कळ आहेत. एके दिवशी भल्या पहाटे तीन बायका द्राक्षे खुडण्यासाठी मळ्याकडे चालल्या होत्या. वाटेच्या कडेला एका दगडावर एक माणूस मान खाली घालून जमिनीकडे टक लावून बसलेला त्यांना दिसला. जाता जाता त्यांनी त्याला नमस्कार केला, त्यानेही उलट नमस्कार केला आणि त्या पुढे निघून गेल्या. दिवसभर काम करून, सूर्यास्ताच्या सुमारास डोक्यावर भरलेल्या टोपल्या घेऊन त्या परत आल्या, तो काय! तो माणूस त्याच दगडावर, त्याच स्थितीत बसलेला! त्यांच्यापैकी एकीने कपाळाला बोट लावून दुसरीला खूण केली. बिचाऱ्याचे डोके फिरलेले दिसते असे ती हळूच म्हणाली, आणि त्याची कीव येऊन तिघींनीही छातीवर क्रूसाची खूण केली.

त्या माणसाचे डोके मुळीच फिरलेले नव्हते. त्याच्या पायांजवळच्या मातीत गांधीलमाशीच्या जातीच्या एका कीटकाचे बीळ होते, आणि तो कीटक काय करतो हे पाहण्यासाठी तो सकाळपासून तेथे बसला होता. हा माणूस म्हणजे प्रसिद्ध कीटकशास्त्रज्ञ झाँ आंरी फाब्र होय.

फाब्रचा जन्म डिसेंबर १८२३ मध्ये दक्षिण फ्रान्समधील सँ लेओं या डोंगराळ खेड्यात झाला. आईबाप अत्यंत गरीब होते. घरातील एक तोंड कमी व्हावे म्हणून त्यांनी या मुलाला काही वर्षे आजी-आजोबांच्या शेतावर ठेवले. तेथे अनवाणी हिंडत असताना, पाचसहा वर्षांच्या त्या बालकाने आपल्या आयुष्यातील पहिला प्रयोग केला. समोर सूर्य लखलखत होता. हे तेज आपल्याला तोंडाने कळते की डोळ्यांनी, असा प्रश्न त्याच्या मनात आला. त्याने तोंड सताड उघडले आणि डोळे घट्ट मिटले. सूर्य नाहीसा झाला. मग डोळे उघडून तोंड मिटले. सूर्य पुन्हा दिसू लागला. हाच प्रकार त्याने पुनःपुन्हा करून पाहिला आणि सूर्य डोळ्यांनी दिसतो असा निर्णय घेतला. रात्री त्याने हा शोध घरात सांगितला तेव्हा सारे जण त्याला हसले. आजीच्या हसण्यात मात्र माया होती. लोक सांगतात म्हणून एखादी गोष्ट खरी न मानता ती स्वतः पडताळून पाहण्याची त्याची वृत्ती तेव्हापासूनच दिसू लागली.

सातव्या वर्षी तो गावी परत आला व शाळेत जाऊ लागला. शाळा मोठी गमतीची होती. गुरुजी स्वतःच गावचे न्हावी होते आणि देवळातील घंटाही तेच वाजवीत. एकच खोली शाळा, स्वयंपाकघर व झोपण्याची जागा अशा तिन्ही कामी येई, आणि दार उघडले की कोंबडीची पिल्ले व डुकराची पिल्लेही वर्गात शिरत. तेथे त्याला अक्षरओळख होईना. शेवटी वडिलांनी शहरातून एक मोठा रंगीत कागद आणला. त्यावर प्रत्येक अक्षरासमोर एकेका प्राण्याचे चित्र होते. प्राण्यांच्या ओढीने मुलगा थोड्याच दिवसांत वाचू लागला. बदकांची पिल्ले घेऊन तळ्यावर जाणे हे त्याचे घरातील काम होते. पिल्ले पाण्यात डुंबत असत व हा काठावरचे भुंगेरे, शंख आणि चमकणारे खडे खिशात भरून घरी आणी. खिसे फाटत, आई रागावे आणि तो सारा खजिना दाराबाहेर फेकून देण्यात येई.

पुढे वडिलांनी शेती सोडून शहरात खानावळीवजा दुकान काढले. परंतु एका गावी जम बसेना म्हणून दुसऱ्या गावी, तेथेही बसेना म्हणून तिसऱ्या गावी, अशी त्या कुटुंबाची फरफट झाली. अखेर घर मोडले, आणि पोट भरण्यासाठी मुलाला एकट्यालाच बाहेर पडावे लागले. त्याने जत्रेत लिंबे विकली, नव्या रेल्वेच्या रस्त्यावर मजुरी केली. एकदा तर खिशातील शेवटचे पैसे भाकरीवर न खर्चता त्याने त्यांतून कवितांचे पुस्तक विकत घेतले आणि तो दिवस उपाशी काढला. अशा स्थितीत १८४० मध्ये आव्हिन्याँ शहरातील शिक्षक-विद्यालयाच्या शिष्यवृत्तीची परीक्षा त्याने दिली. तीत तो यशस्वी झाला व त्याच्या राहण्या-जेवण्याची चिंता मिटली.

१८४२ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, तो कारपांत्रा या गावी प्राथमिक शिक्षक झाला. पगार वर्षाला ७०० फ्रँक होता. त्यात पोट कसेबसे भरे. मुलांना जमीनमोजणी शिकविण्यासाठी तो त्यांना गावाबाहेरच्या माळावर नेई. तेथे त्याच्या ध्यानात एक विचित्र गोष्ट आली. मोजणीची काठी घेऊन दूर पाठविलेला मुलगा मध्येच थांबे, वाकून एखादा दगड उचली आणि गवताची काडी तोंडात धरून काहीतरी चोखू लागे. पाहतो तर त्या दगडांवर एका जातीच्या काळ्या मधमाश्यांनी मातीची घरे बांधली होती, आणि पोरे काडीने त्यांतील मध चोखीत होती! गुरुजी रागावले नाहीत. तेही मुलांबरोबर मध चाखू लागले. पण त्याचबरोबर ही माशी कोण, ती एकटीच घर का बांधते, असे प्रश्न त्यांच्या मनात उभे राहिले. पुस्तकांच्या दुकानात कीटकांवरील एक सुंदर सचित्र ग्रंथ होता. त्याची किंमत गुरुजींच्या महिन्याच्या पगाराइतकी होती. तरीही त्यांनी तो विकत घेतला, आणि एकदा वाचून समाधान न झाल्यामुळे शेकडो वेळा वाचला.

फाब्रला पुढचे शिक्षण कोणी दिले नाही. शाळा सुटल्यावर रात्री दिव्याशी बसून त्याने गणित व पदार्थविज्ञान यांचा अभ्यास केला आणि एकेक पदवी मिळविली. १८४९ मध्ये तो कॉर्सिका बेटावर विज्ञानाचा अध्यापक म्हणून गेला. तेथे मोकँ-तांदाँ नावाचे थोर वनस्पतिशास्त्रज्ञ काही दिवस त्याच्या घरी उतरले होते. निघण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी शिवणाच्या टोपलीतील कात्री घेतली, द्राक्षवेलीच्या काडीत सुई खोवून तिचे हत्यार केले, आणि बशीभर पाण्यात गोगलगाय ठेवून तिची अंतर्रचना त्याला उकलून दाखविली. गणिताच्या मागे न लागता सजीव सृष्टीचा अभ्यास कर, असा उपदेशही त्यांनी केला. फाब्रच्या जीवनाला येथून वळण लागले. मोठी प्रयोगशाळा त्याला जन्मात मिळाली नाही. पण सुई, कात्री आणि बशी एवढ्यांवरही विज्ञानाचे काम करता येते, हे त्या दिवशी त्याला उमगले.

१८५३ मध्ये तो आव्हिन्याँच्या विद्यालयात आला. पुढच्या हिवाळ्यातील एका रात्री लेओं द्यूफूर या विद्वानाचा एक लेख त्याच्या वाचनात आला. एक शिकारी माशी सोनकिडे मारून आपल्या बिळात साठविते आणि त्यांवर अंडे घालते. आश्चर्य असे की, ते किडे कित्येक दिवस कुजत नाहीत. माशी त्यांना काहीतरी टिकाऊ औषध टोचीत असावी असा द्यूफूरचा तर्क होता. फाब्रला मात्र शंका आली. त्या जातीची दुसरी एक माशी सोंडेकिड्यांची शिकार करी. तिच्या बिळातून काढलेले किडे त्याने भिंगाखाली पाहिले, तेव्हा ते मेलेलेच नाहीत असे त्याला आढळून आले. सुयांमधून विजेचा प्रवाह सोडला की त्यांचे पाय हलत. मग ही माशी नेमके करते तरी काय?

हे प्रत्यक्ष पाहणे सोपे नव्हते. शिकार कोठे होते ते कोणालाच ठाऊक नव्हते. तेव्हा फाब्रने एक युक्ती योजली. माशी आपली शिकार ओढीत बिळाच्या तोंडाशी आली की तो चिमट्याने ती शिकार हळूच काढून घेई आणि तिच्या जागी एक जिवंत सोंडेकिडा टाकी. आपली शिकार निसटली असे वाटून माशी त्या किड्यावर झेप घेई व त्याच्या छातीवर, पायांच्या पहिल्या व दुसऱ्या जोडीच्या मध्ये, नांगी खुपशी. क्षणात किडा निश्चल होई. किड्यांची हालचाल ज्या मज्जातंतूंच्या गाठींवर चालते, त्या सोंडेकिड्यांत नेमक्या त्याच जागी एकवटलेल्या असतात. माशी शिकार ठार न करता तिला लुळी करून ठेवते, म्हणून तिच्या पिलांना दिवसेंदिवस ताजे अन्न मिळते. फाब्रने सुईच्या टोकाने त्याच जागी अमोनियाचा एक थेंब घातला, तेव्हा किडा तसाच लुळा पडला! हा शोध १८५५ मध्ये प्रसिद्ध झाला. द्यूफूर वयाने व मानाने मोठा होता. तरी आपली चूक दाखविणाऱ्या या तरुणाला त्याने पत्र पाठवून उत्तेजन दिले.

मुलांनो, ही गोष्ट आपल्यालाही अगदी परकी नाही. आपल्या घरांच्या भिंतींवर कुंभारीण माशी मातीचे इवलेसे घर बांधते, हिरव्या अळ्या आणून त्यात कोंडते आणि तोंड लिंपून टाकते. काही दिवसांनी त्या घरातून अळी बाहेर न पडता कुंभारीणच बाहेर पडते. हे पाहून, कोंडलेली अळी भीतीने माशीचे सतत ध्यान करते आणि शेवटी माशीच बनते, असे आपल्याकडे पूर्वीपासून समजत आले आहेत. ध्यानाचे सामर्थ्य पटविण्यासाठी हा दृष्टान्त फार गोड आहे. परंतु त्या मातीच्या घरात घडते ते निराळेच. फाब्रने याच कुळातील माशीच्या मडक्यासारख्या घराला सुरीने लहानशी खिडकी पाडली व आत पाहिले. तळाशी अर्धवट लुळ्या पडलेल्या अळ्यांची रास होती आणि वर, छताला एका बारीक तंतूने टांगलेले, माशीचे एकुलते एक अंडे लोंबत होते. अळ्यांच्या वळवळीने ते चिरडू नये यासाठी निसर्गाने केलेली ही तजवीज! अंड्यातून निघालेले पिलू वरून खाली मान करून अळ्या खाते, आणि धोका वाटला तर पुन्हा वर सरकते. अळीची माशी होत नाही. अळी खाऊन माशीचे पिलू वाढते.

फाब्रच्या निरीक्षणांची कीर्ती दूरवर पोहोचली. चार्ल्स डार्विनने १८५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या सुप्रसिद्ध ग्रंथात त्याचा अतुलनीय निरीक्षक म्हणून गौरव केला. पुढे त्या दोघांचा पत्रव्यवहारही झाला. मात्र एका जातीपासून हळूहळू दुसरी जाती निर्माण होते हा डार्विनचा सिद्धान्त फाब्रने कधीच मान्य केला नाही. या बाबतीत पुढील काळाने डार्विनचाच पक्ष खरा ठरविला. मतभेद असूनही दोघांनी एकमेकांविषयीचा आदर सोडला नाही.

कीर्ती मिळाली तरी पैसा मात्र मिळेना. आव्हिन्याँला सुमारे अठरा वर्षे नोकरी करूनही त्याची पगारवाढ झाली नाही. घरात मुलेबाळे वाढत होती. म्हणून त्याने मंजिष्ठेच्या जातीच्या एका झाडाच्या मुळांपासून शुद्ध लाल रंग काढण्याची कृती शोधण्यात अनेक वर्षे घालविली. कृती साधली, कारखाना निघण्याच्या बेतात आला, आणि तितक्यात १८६८ मध्ये दोन जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी तोच रंग डांबरातील द्रव्यापासून कृत्रिम रीतीने तयार केला. फाब्रच्या आशेवर पाणी पडले.

दुसरा आघात याहून कठोर होता. त्या काळी फ्रान्समध्ये मुलींना विज्ञान शिकविण्याची सोय जवळजवळ नव्हती. शिक्षणमंत्री व्हिक्टर द्युर्युई यांच्या प्रेरणेने गावात प्रौढांसाठी व मुलींसाठी वर्ग निघाले, आणि फाब्र तेथे विज्ञान शिकवू लागला. फुलातील पराग स्त्रीकेसरावर पडून बीज कसे तयार होते, हे त्याने मुलींना समजावून सांगितले. तेवढ्यावरून जुन्या मताच्या लोकांनी गहजब केला. त्याला वर्ग सोडावे लागले. घराच्या मालकिणींनीही महिन्याच्या आत घर रिकामे करण्याची नोटीस दिली. १८७० साल होते. युद्धामुळे पैशाची आवकही थांबली होती. अशा वेळी जॉन स्टुअर्ट मिल हा प्रख्यात इंग्रज तत्त्वज्ञ त्याच्या मदतीला धावून आला. मिल आव्हिन्याँजवळ राहत असे व वनस्पती गोळा करण्यासाठी फाब्रबरोबर हिंडत असे. त्याने कसलाही लेखी करार न करता फाब्रला ३००० फ्रँक उसने पाठविले. फाब्र कुटुंबासह ओरांज या गावी गेला, आणि तेथे मुलांसाठी विज्ञानाची पुस्तके एकामागून एक लिहून त्याने ते कर्ज फेडून टाकले.

ओरांज येथे असतानाच १८७७ मध्ये त्याचा लाडका मुलगा झ्यूल सोळाव्या वर्षी वारला. झ्यूल हा त्याचा मुलगाही होता व सहकारीही. तीक्ष्ण नजरेचा तो मुलगा वडिलांसाठी दुर्मीळ कीटक शोधून आणी. या दुःखाने फाब्र अंथरुणाला खिळला. पुढे सावरल्यावर त्याने माश्यांच्या तीन जातींना आपल्या मुलाचे नाव दिले. एका गरीब बापाला आपल्या मुलाचे याहून दुसरे कोणते स्मारक उभारता आले असते?

लहानपणापासून फाब्रची एकच इच्छा होती. कोणी अडवणार नाही, कोणी हसणार नाही अशी, कुंपणाने बंद केलेली थोडीशी जमीन आपली असावी, आणि तेथे कीटकांना प्रश्न विचारीत बसावे. १८७९ मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, सेरिन्याँ या खेड्याजवळ त्याला अशी जमीन घेता आली. ती सुमारे एक हेक्टर होती आणि दगडगोटे व काटेरी झुडपे यांनी भरलेली होती. अशा पडीक जमिनीला त्या प्रांतात आर्मास म्हणतात, आणि हेच नाव त्याच्या घराला पडले. शेतकऱ्याच्या दृष्टीने ती जमीन निरुपयोगी होती. परंतु काटेरी फुलांवर माश्या येत, दगडांखाली विंचू राहत, वाळूत शिकारी माश्या बिळे खणीत. फाब्रच्या दृष्टीने तो स्वर्गच होता. येथे त्याने आयुष्याची उरलेली छत्तीस वर्षे घालविली. एक भिंग, तारेच्या जाळीची झाकणे, वाळूने भरलेल्या कुंड्या आणि हातरुमालाएवढे लहानसे टेबल, एवढेच त्याचे साहित्य होते. याच सुमारास त्याच्या कीटकशास्त्रीय आठवणींचा पहिला भाग प्रसिद्ध झाला. पुढे १९०७ पर्यंत त्याचे दहा भाग निघाले.

आर्मासमधील पाइन वृक्षांवर एका जातीचे सुरवंट राहत. ते रात्री एकामागून एक अशी रांग धरून चालतात. पुढचा सुरवंट तोंडातून रेशमाचा धागा सोडीत जातो व मागचे सारे त्या धाग्यावरून चालतात. रांगेला पुढारीच नसेल तर काय होईल, असा प्रश्न फाब्रला पडला. ३० जानेवारी १८९६ रोजी हे सुरवंट एका मोठ्या कुंडीच्या काठावर चढले आणि गोल फिरू लागले. वर्तुळ पुरे होताच फाब्रने मागचे सुरवंट व खालून येणारा धागा कुंचल्याने पुसून टाकला. आता कोणी पहिला नाही, कोणी शेवटचा नाही! भूक लागली की ते खाली उतरतील असे त्याला वाटले. पण ते फिरतच राहिले. जवळच खाद्याची ताजी फांदी ठेवली होती, तिकडे कोणी वळला नाही. रात्रीच्या थंडीने ते गारठत, थांबत, आणि ऊब आली की पुन्हा चालू लागत. सात दिवस हा प्रकार चालला. फाब्रने हिशेब केला तेव्हा त्यांनी एकूण ८४ तास चालून ३३५ फेऱ्या केल्या होत्या. आठव्या दिवशी थकव्याने रांग विस्कळीत झाली, काही सुरवंट वाट चुकून खाली उतरले आणि त्यांच्यामुळे बाकीचे सुटले. माशीच्या नांगीचा अचूकपणा पाहून थक्क झालेल्या फाब्रने उपजत बुद्धीचा हा आंधळेपणाही तितक्याच प्रामाणिकपणे लिहून ठेवला.

असाच दुसरा प्रसंग त्याच्या पॉल नावाच्या धाकट्या मुलाशी निगडित आहे. एका मे महिन्यात सकाळी कोशातून एका मोठ्या पतंगाची मादी बाहेर आली. फाब्रने तिला जाळीच्या झाकणाखाली ठेवले. रात्री नऊच्या सुमारास, निजण्यासाठी अर्धे कपडे काढलेला लहानगा पॉल आपल्या खोलीत नाचत ओरडू लागला, कारण खोलीत पक्ष्यांएवढाले पतंग शिरले होते. मेणबत्ती घेऊन बापलेक अभ्यासिकेत गेले, तेव्हा जाळीभोवती भलेमोठे नर पतंग घिरट्या घालीत होते. त्या रात्री घरात सुमारे चाळीस नर आले; आठ रात्रींत ती संख्या दीडशेवर गेली. काळोख्या रात्री, झाडाझुडपांतून, दुरून त्यांना ही मादी सापडली कशी? फाब्र कित्येक वर्षे या प्रश्नाच्या मागे लागला. मादीला घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवले की एकही नर येत नसे. जराशी फट राहिली की ते येत. दुसऱ्या एका जातीची मादी त्याने काचेखाली सर्वांना दिसेल अशी ठेवली आणि ती पूर्वी बसलेली डहाळी बाजूला टाकली. नरांनी काचेकडे ढुंकूनही पाहिले नाही. ते त्या डहाळीवर तुटून पडले! माणसाच्या नाकाला न कळणारा गंध त्यांना ओढून आणतो, हे उघड झाले. अशा गंधद्रव्याची रासायनिक ओळख पहिल्यांदा १९५९ मध्ये, रेशमाच्या पतंगापासून, पटली. फाब्रने भिंग व डहाळी यांच्या साहाय्याने जे ताडले होते, ते रसायनशाळेत सिद्ध व्हायला अर्धे शतक लोटावे लागले.

त्याचे सर्वच निष्कर्ष बरोबर ठरले असे मात्र नाही. उन्हाळ्यात झाडांवर कर्कश आवाज करणारा सिकाडा नावाचा कीटक ऐकू शकतो की नाही, हे पाहण्यासाठी त्याने झाडाखाली दोनदा तोफेचा बार उडविला. गाणारे कीटक यत्किंचितही थांबले नाहीत. त्यावरून ते बहिरे, निदान कानाने मंद, असावेत असे त्याला वाटले. सिकाड्यांना कान असतात व त्यांना आपल्या जातीचा सूर चांगला ऐकू येतो, हे आता कळून आले आहे. परंतु फाब्रने प्रयोग कसा केला हे बारकाईने लिहून ठेवल्यामुळेच पुढच्यांना त्याची चूक सुधारता आली.

पतंगांच्या आगमनाने नाचणारा तो पॉल पुढे मोठा झाला व वडिलांच्या कीटकांची छायाचित्रे घेऊ लागला. आज हे काम सोपे वाटते. त्या काळी तसे नव्हते. छायाचित्र काचेच्या तुकड्यावर उमटवावे लागे. इवलासा कीटक मोठा दिसावा म्हणून भिंग त्याच्या अगदी जवळ न्यावे लागते व मागची काच दूर सरकवावी लागते. त्यासाठी त्या वेळच्या कॅमेऱ्यांना लोहाराच्या भात्यासारखा घड्यांचा लांब भाता असे. भाता जितका लांबवावा तितका प्रकाश पसरून मंद होतो आणि छायाचित्रास वेळ अधिक लागतो. तेवढ्यात कीटकाने पाय हलविला की चित्र पुसट होते. शिवाय इतक्या जवळून पाहताना एक पातळसा थरच स्पष्ट येतो. डोके रेखीव आले तर पंख धूसर होतात. या कामालाही बापासारखाच धीर लागतो, आणि तो मुलाच्या अंगी उतरला होता. पॉलची छायाचित्रे फाब्रच्या ग्रंथांच्या सचित्र आवृत्तीत छापण्यात आली. जे पाहण्यासाठी बाप दिवसभर दगडावर बसे, ते आता दूरदूरच्या वाचकांनाही पाहता येऊ लागले.

कीर्ती व सुख फाब्रच्या वाट्याला फार उशिरा आले. १९१० मध्ये, त्याच्या ८६ व्या वर्षी, मित्रांनी व चाहत्यांनी सेरिन्याँ येथे त्याचा मोठा सत्कार केला. तोपर्यंत त्याची दृष्टी मंदावली होती व पाय थकले होते. १९१३ मध्ये फ्रान्सचे अध्यक्ष स्वतः त्याच्या भेटीस आले. ११ ऑक्टोबर १९१५ रोजी, वयाच्या ९१ व्या वर्षी, आर्मासमध्येच त्याने देह ठेवला. पुढे फ्रान्सच्या सरकारने ते घर व ती बाग विकत घेतली. आज तेथे संग्रहालय आहे.

फाब्रने पाहिलेले कीटक दुर्मीळ नव्हते. ते सर्वांच्या पायांखाली, सर्वांच्या दारापुढे वावरत होते. त्यांच्याजवळ थांबण्यास मात्र कोणाला वेळ नव्हता. हा माणूस थांबला, आणि त्यासाठी त्याने गरिबी सोसली व लोकांचे हसू सोसले. तुमच्या घराच्या भिंतीवर कुंभारणीने मातीचे घर बांधले असेल, तर ते काठीने पाडण्यापूर्वी थोडा वेळ त्याच्यापाशी उभे राहा. आत अळ्यांच्या राशीवर, एका तंतूला टांगलेले, एक इवलेसे अंडे असेल.